दोन टोकांचा हार

परडीत दीड किलो झेंडू.

हॉलच्या सेन्सरची बॅटरी १४ टक्के.

मॅडमनी वाटलेले पेढे.

'आई टीव्ही पाहत आहे.'

त्या घरात टीव्ही नाही.

हे खरं घडलंय. पाथर्डी फाटा, सातवा मजला, गेल्या दसऱ्याची दुपार. भुताच्या गोष्टींवर मी थुंकतो. खोटंच रचायचं असतं, तर दुसरं काही रचलं असतं.

आमच्या कंपनीचा धंदा सोपा. म्हातारी एकटी, मुलगा पुण्यात. घरात सेन्सर लावायचे. ती काय करतेय ते यंत्र ओळखणार आणि मुलाला मोबाइलवर कळवणार. झोप, स्वयंपाक, आंघोळ... एकूण नऊ कामं. माणसाला नऊ कामांत बसवणारे आम्ही शहाणे! आणि सेन्सर इतके भिकार की भिंतीवर पाल फिरली तरी म्हणायचे, पाहुणे आले.

सातव्या मजल्यावरची आमची म्हातारी म्हणजे कुसाबाई. त्यांचा जन्म फुलशेतीत गेलेला. अजूनही जमिनीवर बसून तासन्‌तास हार ओवायच्या. यंत्राला हार माहीतच नव्हता. ते सांगायचं, टीव्ही पाहतायत.

"लय येडं हाय रं तुझं मशीन," त्या म्हणाल्या. "माझा राज पुण्यावनं फोनवर इचारतो, हॉलमधी दुसरं कोण बसलंय?"

"बिघाड आहे, मावशी."

"सरू आसंल. माझी जाऊ. हार एकच, दोघी दोन टोकांनी ओवायचो. मधी गाठ मारायची."

"कुठे असतात त्या?"

"करोनात गेली की."

मी हसलो.

ऑफिसात आमच्या बॉस प्रतिभा मॅडम मात्र चिडल्या. "एकटी राहते ना बाई? मग एकच दिसली पाहिजे. दुसरी पुसून टाक."

मी नियम लिहिला. दोन ठिकाणी हालचाल दिसली, तर जास्त असेल ती खरी. उरलेली बिघाड समजून पुसायची.

दुसरी बाई दिसायची थांबली. मॅडमनी पेढे वाटले.

दसऱ्याला राजचा फोन आला. "आई फोन उचलत नाही. ॲप म्हणतंय, तीन दिवस टीव्हीच बघतेय. जरा जाऊन बघता का?"

तीन दिवस! आणि चिरंजीवांना आज शंका आली.

वॉचमन बहिरूने त्याच्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडलं.

हॉलमध्ये कुणीच नव्हतं...

फक्त हार. दोन्ही टोकांना सुया. एका टोकाची फुलं वाळून काळी पडलेली.

दुसऱ्या टोकाची... ओली. आत्ता तोडल्यासारखी.

मधली गाठ तेवढी राहिली होती.

"बाई कुठं हायेत?" बहिरू कुजबुजला.

बाथरूममध्ये. फरशीवर.

डॉक्टर म्हणाले, "पडून तीन दिवस झाले असावेत. गेल्या मात्र आज सकाळी."

ऑफिसात जाऊन मी पुसलेल्या नोंदी उघडल्या.

बाथरूम, हालचाल. पुसले.

बाथरूम, हालचाल. पुसले.

बाथरूम, हालचाल...

एकशे बारा वेळा.

यंत्राने एकच बाई ठेवली होती. हॉलमधली.

पुढच्या महिन्यात मला बढती मिळाली. आमच्याकडे अशीच मिळते.

त्या घरातले सगळे सेन्सर मी काढून आणलेत. बॅटऱ्या काढून डब्यात ठेवलेत. तरी ॲपवर रोज दुपारी येतं... 'टीव्ही पाहत आहे.'

आता दोन माणसं दिसतात.

मी पुसत नाही.

बाथरूममधला सेन्सर जूनमध्ये नवा बसवला होता. तो एकदाही बिघडला नाही.