निळी चिंधी

हसायचं तर हसा, पण धायरीचे नागोराव माझ्या उठण्याबसण्यातले. माणूस फौजेतून आलेला, थापा मारणाऱ्यातला नव्हे. गोष्ट गेल्या सर्वपित्रीच्या रात्रीची. वडील दत्तोबा दोन वर्षांमागे वारले आणि त्यांची रायफल नागोरावांच्या नावावर झाली. जमीन मात्र दोघा भावांची. नागोरावांना ती बिल्डरला द्यायची होती, आणि धाकटा साईनाथ म्हणे, बाबांनी विकू नका म्हणून बजावलंय. तो रागाच्या भरात रात्री रायफल काढून नेतो, असा नागोरावांना दाट संशय.

गोळी झाडली की तिचं तांबं नळीत आतून धरतं. उग्र वासाचं औषध लावून गजानं चिंधी फिरवली, की तांबं असेल तर ती निळी निघते. आदल्या संध्याकाळी नागोरावांनी चिंधी पांढरीशुभ्र निघेपर्यंत नळी घासली, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली. सकाळी पाहतात तर चिंधी निळी. आता पोलिसांत जायचं, असं ठरवूनच त्यांनी भावाला हाक मारली.

"तुझं पितळ उघडं पडलं, साईनाथ."

"दादा, पितळ तुझ्या गजाला हाय."

खरंच. सकाळी घाईत त्यांनी लोखंडी टोकाऐवजी पितळी लावलं होतं, आणि औषधानं पितळेतलंच तांबं उतरलं होतं. नागोराव खजील झाले, पण संशयाला औषध नाही. त्या रात्री लोखंडी टोक लावून त्यांनी नळी पुन्हा पांढरी केली, कपाटापुढं स्वतःची खाट टाकली आणि साईनाथला शेजारीच झोपवलं.

दिवा चालू. साईनाथ घोरतोय. नागोराव टक्क जागे.

मध्यरात्रीनंतर वास आला... जळलेल्या दारूचा, बंदुकीच्या.

आवाज नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

कुलूप जसंच्या तसं. रायफल जागेवर. त्यांनी नळीला हात लावला...

कोमट.

लोखंडी टोक. कोरी चिंधी. हळूच बाहेर ओढली...

निळी.

मागं साईनाथ उठून बसला होता.

"दादा... मी हितंच हाय."

नागोरावांना बाबांचं जमिनीबद्दलचं बजावणं आठवलं.

उजाडताच दोघं जमिनीवर गेले. नागोरावांनी त्याच आठवड्यात तिथं गुपचूप एक पाटी ठोकली होती. 'या जागेचे एकमेव मालक', आणि खाली स्वतःचं नाव. साईनाथनं ती तेव्हा पहिल्यांदा वाचली. 'एकमेव' या शब्दातून गोळी आरपार गेली होती.