शेवटची सोळा पानं

राजारामपुरीतल्या आमच्या वाचनालयाचा एक नियम आहे. पुस्तक परत करताना वहीत दोन ओळी अभिप्राय लिहायचा, त्याशिवाय दुसरं पुस्तक मिळत नाही. नियम माझ्या वडिलांनी, म्हणजे जिनपालअण्णा चौगुल्यांनी घातलेला. यातून समीक्षक घडतील अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात ‘छान’, ‘अक्षर बारीक’, ‘पान ४३ वर वरण सांडलंय, मी नाही’ असले अभिप्राय घडले. तरी ती वही मला कुठल्याही कादंबरीपेक्षा प्यारी आहे. प्रेमाच्या कादंबऱ्या तर मी वाचतच नाही. वय सेहेचाळीस, लग्न केलेलं नाही, पदवी भौतिकशास्त्राची.

वहीत सगळ्यात फर्मास लिहायचे ते बाळासो. गडमुडशिंगीला त्यांची मटणाची खानावळ. सोमवारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून दर सोमवारी ते रहस्यकथा न्यायला यायचे. ‘खुनी पयल्या पानावरच कळला. लेखकाला शेवटपातूर कळला न्हाय.’ अशी चार वर्षं गेली, आणि या जुलैत एका सोमवारी अभिप्राय लिहून झाल्यावर ते जागचे हललेच नाहीत.

“मॅडम, लगीन करूया. पर मटण सोडणार न्हाय, आधीच सांगतो. मागनं भांडान नको.”

आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा येत नाही. चातुर्मासात बटाटाही बाहेरच. “विचार करून सांगते,” मी म्हणाले. खरं सांगायचं तर मला ते आवडत होते. त्यांचं असं तोंडावर बोलणं तर फारच आवडत होतं. पण मटण.

त्याच आठवड्यात एका जुन्या गठ्ठ्यातून एक कादंबरी निघाली. मुखपृष्ठ गेलेलं, लेखक-नाव काही नाही. वर ‘प्रेम + रहस्य’ एवढी चिठ्ठी डकवून मी ती कपाटात लावली. पहिल्यांदा नेली समोरच्या बिल्डिंगमधल्या चिमणाबाईंनी. सत्तरी ओलांडलेल्या या बाई आठवड्याला तीन कादंबऱ्या फस्त करतात. त्यांनी लिहिलं, ‘जोडा इजोड हाय पर ग्वाड हाय. नायिका लई ताठ. नाकावर माशी बसू देत न्हाय.’

मग नेली शेजारच्या गाळ्यात ब्लाऊज शिवणाऱ्या नजीरानं. ‘हिरो मनाचा साफ. कांद्यावरनं भांडतात ते फार आवडलं.’ मी जरा थबकले. त्यानंतर एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी लिहिलं, ‘वाचनालयातली लग्नाची मागणी अस्सल उतरली आहे. मात्र सारखा चष्मा पुसणाऱ्या नायिकेचा कंटाळा येतो.’

हे वाचताना मी चष्माच पुसत होते. तो तसाच टेबलावर ठेवला.

उलगडा सोपा होता. गल्लीला कळलं होतं आणि गल्ली माझी मापं काढत होती. कोल्हापुरात यात नवल काही नाही. मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढलं आणि कादंबरी वाचायला बसले.

नागपूरची गोष्ट होती. नायिका डॉक्टर, नायक ट्रकवाला. कांदा नाही, वाचनालय नाही, चष्मा कुणालाच नाही. एकशे शहात्तराव्या पानावर दोघं गाडीत बसतात आणि पुढं थेट पुठ्ठा. शेवटची सोळा पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या जुड्यांतली अखेरची जुडी, नव्हतीच. फाटलेली नव्हती, बांधणीत कधी आलेलीच नव्हती. दोरा शाबूत होता.

मी पुस्तक घेऊन नजीराकडं गेले. ब्लाऊज उद्या होणार नसेल तर उद्या होणार नाही असं सांगणारी ती राजारामपुरीतली एकमेव शिंपीण. खोटं तिला जमत नाही.

“नजीरा, शेवट काय आहे गं याचा?”

“पन्हाळ्याला जातात की, मॅडम. आयतवारी. धुकं असतंय. तो कणसं आणायला जातो...” ती थांबली. “फुडचं सांगितलं तर तुमची मजा जाईल.”

“यात शेवटची पानं नाहीत.”

“हाईत की. मी मशीन बंद करून वाचली.” तिनं पुस्तक हातात घेतलं, मागून उघडलं, पुठ्ठ्यावर नजर फिरवली. तिचे डोळे ओळींवरून जावेत तसे डावीकडून उजवीकडं सरकत होते. मग तिनं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि मान खाली घालून हातशिलाई सुरू केली.

परत आले तर चिमणाबाई पायरीवर बसलेल्या. “दे ते. शेवट परत वाचायचा हाय.” मी पुस्तक देऊन टाकलं. जवळ ठेवायची इच्छा नव्हती.

संध्याकाळी बाळासोंचा फोन आला. “मॅडम, उद्या पन्हाळ्याला येतासा? खानावळ जोतीराम बघंल.” जोतीराम म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. आईमागं त्यांनीच त्याला वाढवला. रविवारची खानावळ सोडून हा माणूस माझ्यासाठी येणार होता, याचं मला अप्रूप वाटलं. आणि शिकलेल्या बाईनं एका पुठ्ठ्याला भिऊन पन्हाळा टाळायचा, हे काही पटेना. मी हो म्हटलं.

रविवारी वाटेत मोटरसायकलवर ते तांबडा रस्सा कसा करायचा ते सांगत होते. मी नको म्हणत होते, तरी सांगत होते. मला हसू येत होतं. आता उत्तर देऊन टाकावं असं मनात आलं. काय द्यावं ते मात्र ठरत नव्हतं.

गडावर सज्जाकोठीपाशी धुकं इतकं दाट की कठडाही नीट दिसेना.

“कणसं आणतो,” ते म्हणाले. “हितंच थांबा. हलू नगासा.”

मला नको म्हणायचं होतं. कारण काय सांगणार होते? दहा पावलांवर त्यांचा पांढरा शर्ट धुक्यात मिसळला.

निखाऱ्यांचा तडतडाट येत होता. लिंबाचा वास येत होता.

मग तडतडाट थांबला. वासही गेला.

मी हाक मारली नाही.

ते आले. हातात कणसं नव्हती.

“राजमती,” ते म्हणाले, “मी मटण सोडलं आहे.”

चार वर्षं त्यांनी मला मॅडम म्हटलं होतं. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं होकार दिला. उतरताना ते रस्त्याच्या कडेनं सावकाश गाडी चालवत होते आणि रश्श्याचं नाव काढत नव्हते. राजारामपुरीच्या कोपऱ्यावर मला सोडून ते निघून गेले.

मंगळवारी चिमणाबाईंनी पुस्तक परत आणलं आणि वहीत लिहिलं. या वेळी चार ओळी होत्या.

‘शेवट पटला. वर गेलेला वरच ऱ्हायला. खाली आलेला तिला पायजे तसा हाय. तिला कळतंय, पर ती बोलत न्हाय.’

“हे कुणाबद्दल लिहिलंय?” मी विचारलं.

“पुस्तकाबद्दल की. आनि कुनाबद्दल?” दुसरी कादंबरी काखेत मारून त्या गेल्या.

दारातून बाळासो आत आले. हातात दुधी. “संध्याकाळी याची भाजी करू या,” ते म्हणाले. “कांद्याशिवाय.”

तेवढ्यात फोन वाजला. जोतीराम होता. आवाज रडवेला.

“मॅडम, दादा आयतवारपास्नं घरला न्हाईत. फोन बी लागंना. तुमच्याकडं हाईत न्हवं? हाईत म्हना.”

मी फोन टेबलावरून पुढं केला. “जोतीराम आहे.”

बाळासोंनी फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. चेहरा प्रसन्न होता.

“जोतीराम कोण?”

फोनमधून ‘दादा, दादा’ ऐकू येत होतं. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्या घरी कुणी जेवायला बसणार होतं. मी फोन मागं घेतला. मग मी फोन बंद केला.

“राँग नंबर,” मी म्हणाले, आणि त्यांच्या हातातला दुधी घेतला.