गिळलेलं वाक्य

“निद्रेच्या साम्राज्यातलं अखेरचं रहस्य आज, या खोलीत, मानवजातीपुढे शरण येणार आहे,” निद्रादंत प्रयोगशाळेचे संचालक डॉ. विश्वंभर ओगले म्हणाले.

“अहो, तुमचं झालं की मी झोपते,” खाटेवरून त्यांच्या पत्नी मालिनीबाई म्हणाल्या.

नाशिकच्या या प्रयोगशाळेत प्रयोग भर दुपारी, जेवणानंतर होत. रात्रीच्या झोपेसाठी माणसाला गोळी द्यावी लागते, वामकुक्षीला वरणभात पुरतो, हा संस्थेचा आजवरचा एकमेव निर्विवाद शोध होता.

मालिनीबाई झोपेत दात खात. एक दाढ उभी चिरली होती, शेजारची झिजून सपाट झाली होती. दातांना लावलेलं रबरी कवचही त्यांनी चावून फोडलं होतं. डॉक्टरांनी जंतांपासून जबड्याच्या ठेवणीपर्यंत सगळी कारणं तपासली; दाढा झिजतच राहिल्या. अखेर त्यांनी आपल्या सहकारी डॉ. रेहाना मुजावर यांचा स्नायुवाचक, म्हणजे जबड्याच्या हालचाली वाचणारं यंत्र, वापरायला परवानगी दिली.

मालिनीबाई घोरू लागल्यावर डॉक्टरांनी हळूच विचारलं, “पण जबडाच का? हात का नाही, पाय का नाही?”

“कारण वाक्य जबड्यातून जातं, सर,” मुजावर म्हणाल्या. “बोलायचं ठरलं की मेंदू तोंडाला निरोप धाडतो. आपण शब्द गिळतो, पण निरोप मागे फिरत नाही. झोपेत मेंदू तो पुन्हा धाडतो. आवाज तेव्हा बंद असतो, जबडा तेवढा जागा. मग तो बिचारा चावत बसतो.”

“उपाय?”

“वाचक ते वाक्य ओळखतो. माणसानं ते जागेपणी, ज्याला सांगायचं त्यालाच सांगायचं. निरोप पोचला की दात थांबतात.”

उपाय रामबाण होता. संस्थेतल्या एका लिपिकाचे दात त्यानं वाचले होते. वाक्य साहेबांना सांगितल्यावर त्याची बदली मात्र टळली नव्हती.

तेवढ्यात खाटेवरून करकर सुरू झाली. पाट्यावर वाळू वाटावी तसा तो आवाज. पडद्यावर एक वाक्य उमटलं, पुन्हा उमटलं, मग तेच ते उमटत राहिलं. मुजावरांनी पडदा आपल्याकडे फिरवून घेतला.

“कोणासाठी आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“तुमच्यासाठी.”

डॉक्टर स्टुलावर बसले. आपल्याला आधी वाचू द्या, असं त्यांनी विनवलं. मुजावर बधल्या नाहीत. तुम्ही वाचून उत्तर आधीच दिलंत तर वाक्य बोललं जाणार नाही, आणि न बोललेलं वाक्य ताईंची उरलेली दाढही खाईल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. डॉक्टरांना काय आठवायचं ते आठवू लागलं. नाशिकला यायचं म्हणून मालिनीबाईंनी शाळेतली नोकरी सोडली होती.

मालिनीबाई उठल्या. मुजावरांनी त्यांना पडदा दाखवला. तो वाचून त्या डॉक्टरांकडे वळल्या.

“मालिनी, मला ठाऊक आहे,” डॉक्टर घाईनं म्हणाले. “ती नोकरी. मी तुझं आयुष्य...”

“अहो—”

“नाही, आज मला बोलू दे. मी स्वार्थी होतो. इतकी वर्षं तू एका शब्दानं...”

ते बोलत राहिले. मालिनीबाईंच्या गालावरच्या, यंत्राला जोडलेल्या पट्ट्या अजून काढल्या नव्हत्या. जबड्याचा दाब दाखवणारा काटा वर वर चालला होता. मुजावरांनी बोट दाखवलं तेव्हा तो झोपेतल्या दाबाच्याही पुढे गेला होता. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं आणि ते गप्प झाले.

मालिनीबाईंनी पडद्यावरचं वाक्य मोठ्यानं वाचलं. “जरा थांबा, माझं बोलून होऊ दे.”

काटा थरथरला आणि खाली येऊ लागला.

“शाळा मी तुमच्यासाठी नाही सोडली,” त्या म्हणाल्या. “मला तिथं कंटाळा आला होता. तुमच्या नाशिकच्या बदलीचं निमित्त झालं, मी सुटले. हे सांगायला गेले की तुम्ही माफी मागायला लागता. तुमचे डोळे भरून येतात, मग मी चहा टाकायला उठते.”

काटा शून्यावर टेकला. त्यांनी जबडा उघडून, मिटून पाहिला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत दिसायचा तसा त्यांचा चेहरा सैल झाला होता.

डॉक्टर ओगले यांना पुष्कळ काही म्हणायचं होतं. इतक्या वर्षांची माफी, ती कोणाला मागितली, का मागितली, आणि आता तिचं करायचं काय. त्यांनी तोंड उघडलं. पत्नीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोंड मिटलं. खोलीत स्पष्ट ऐकू येईल असे त्यांचे दात एकमेकांवर बसले.

“मुजावर,” ते म्हणाले, “उद्या माझ्या जबड्याचं माप घ्याल का?”