काट्यावरचा तिसरा पाय

पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या नातीला टोकलं.

सुनेची कंबर धरली होती, म्हणून मला डायलिसिसला घेऊन नात आली. मशीनवर बसायच्या आधी आम्हाला काट्यावर चढवतात. अंगात पाणी किती साठलं ते वजनावरून कळतं आणि तेवढं मशीन काढून घेतं. मी चढले. आकडा बघून मशीनवाला चक्रावला, मग वाकून खाली बघत म्हणाला, "मॅडम, पाय काढा. तुमचं पाणी नाही काढायचं मला."

मला धरता धरता हिनं एक पाय काट्यावर टेकवला होता! पोरगी कानापर्यंत लाल... आणि हा पेन उघडून तिच्याकडेच बघतोय.

"अरे, माझं वजन तिच्या तोंडावर लिहिलंय का?" मी म्हटलं.

सुनेची कंबर बरी झाली, तरी नातच येत राहिली. "आईला कशाला त्रास?" म्हणे. घरात पेला उचलायचा हिला त्रास!

एक दिवसाआड चार तास. हातात दोन जाड सुया. शीण येतो हो. अकरा माणसांचं घर मी एका आवाजावर चालवलं, आणि आता घोटभर पाणी प्यायचं तर हिशोबात. दुसरं काय करणार, पडल्या पडल्या या दोघांचं ऐकायचं.

"रक्तातली घाण तेवढीच कशी निघते?" तिनं विचारलं.

"मध्ये पातळ पडदा आहे. इकडे रक्त, तिकडे स्वच्छ पाणी. मोठं ते अडतं, बारीक ते पार जातं. जिथं जास्त, तिथून कमी असेल तिकडे... आपोआप. ढकलावं लागत नाही."

"आणि शरीरात?"

"पेशी न् पेशीला पडदा असतो. तो याहून चोखंदळ. कुणाला वाट देतो, कुणाला हात धरून आत नेतो—"

"आणि कुणाला बाहेरच उभं ठेवतो?"

"...तेही करतो."

मशीन टींटीं करायला लागलं. "मशीनलासुद्धा ऐकवेना," मी म्हटलं.

मग एके दिवशी तो म्हणाला, महिनाअखेरीला बदली आहे, दुसऱ्या शहरात. सांगितलं मला, बघितलं तिच्याकडे. "हो का," ती म्हणाली. बस्स! त्यानंतर दोघांची दातखीळच बसली.

मी दोन इयत्ता शिकलेले, पण एवढं मला कळत होतं : पाणी जास्त असलं की अर्धा तास जास्त लागतो, आणि तोवर बाकीचे पेशंट गेलेले असतात. मग मी पाणी प्यायले. स्वयंपाकघरात उभ्यानं, पेल्यामागून पेला.

"आजी, एवढं पाणी कुठून आलं?"

"नळातून."

त्या अर्ध्या तासात दोघं काय बोलले? 'पंख्याचा आवाज येतो', एवढंच! मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी माझ्या पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढं काजवे. तो गुडघ्यावर बसून पाय चोळत होता. चेहरा उतरलेला.

"एवढं पाणी एकदम काढलं की पाय वळतात, हृदयावर ताण येतो, आजी. का करता असं?"

"तुमच्यासाठी, मुखदुर्बळांनो! अर्धा तास मिळावा म्हणून!"

मागे चादर घेऊन नात उभी होती. सगळं ऐकलं तिनं. दोन दिवस माझा पेला तिच्या ताब्यात होता, आणि बोलणं बंद.

त्याचा शेवटचा दिवस आला. मी काट्यावर चढले. तो पांढराफटक पडला.

"आजी! पुन्हा?"

"नाही रे! विचार हिला!"

त्यानं खाली बघितलं. माझे दोन सुजके पाय, आणि शेजारी तिसरा. या वेळी तिनं मला धरलेलं नव्हतं.

"मॅडम... पाय."

"नाही काढणार."

"मग आकडा काय लिहू?"

"आधी उत्तर द्या."

"विचारलंत कुठं काही?"

"पाय ठेवलाय की! अजून कसं विचारतात?"

त्यानं पेन खिशात ठेवलं. म्हणाला, "दर रविवारी येईन. कुणी ढकलायला नको."

"अरे, म्हातारीला किती वेळ उभं ठेवणार?"

दोघांनी एकदमच माझे हात धरले आणि मला खाली उतरवलं. पुन्हा एकटीला चढवलं, तर वजन अगदी बेतात. सुया टोचल्यावर मी डोळे मिटून घेतले.

झोप कुठली यायला! पण चार तास डोळे उघडले नाहीत.