लेकुरवाळीची ओटी

पूर्वेला फटफटलं, आणि चहूबाजूंनी समुद्राने वेढलेल्या शंखदुर्गाच्या पहारेकऱ्यांना पश्चिम बुरुजाखालच्या खडकांत एक मेलेला देवमासा अडकलेला दिसला. फुगून ढोल झालेला, कुशीवर कललेला, गलबताएवढा. त्यापलीकडे गनिमाची जहाजं वेढा आवळून उभी होती, आणि गडाची निशाणकाठी आदल्या दिवशीच्या तोफगोळ्याने मोडून पडली होती.

ती मोडकी काठी आरमाराचा सारंग जिवाजी याच्या काळजात रुतली होती. दक्षिणेच्या भूशिराआड कुमकेची गलबतं घेऊन त्याचा धाकटा भाऊ येसाजी थांबला होता. निशाण दिसेना म्हणजे गड पडला असं समजून तो आजचा वारा धरून माघारी फिरणार, हे उघड होतं. निरोप घेऊन पोहत गेलेले दोघे गनिमाने पाण्यातच टिपले होते.

"मी माशाच्या तोंडात बसून जातो," जिवाजी किल्लेदार रायाजीरावांना म्हणाला. "भरतीने तो सुटेल. ओहोटीची धार भूशिराकडेच ओढते."

"आणि आत घसरून त्याच्या घशाखाली गेलात, म्हणजे?"

"त्याला दात नाहीत, सरकार. टाळूला झालर आहे. तोंडभर पाणी घ्यायचं, झालरीतून गाळायचं नि मागे राहिलेला जवळा खायचा. माणूस जाईल एवढा घसाच नाही."

"पण सडल्या माशाचा तो वास गनिमालाही सोसायचा नाही."

"म्हणूनच जातो."

"तुम्हांला सोसेल?"

"मी कोळ्याच्या पोटचा," जिवाजी म्हणाला. रायाजीराव कितीतरी दिवसांनी हसले, आणि हसता हसता त्यांनी त्याचा हात घट्ट धरला.

खडकावर त्याची आई, चिमाई, आधीच येऊन उभी होती. कपाळभर कुंकू, सोमवारचा निर्जळी उपास, हातात सूप. माशाच्या पोटाखालून पाण्यात दुधाची पांढरी धार विरत होती, आणि थोड्या अंतरावर एक पिल्लू पुन्हापुन्हा वर येऊन फुस्कन श्वास सोडत होतं.

"लेकुरवाळी आहे रे ही," चिमाई म्हणाली. "आपल्यासारखीच पाजते."

तिने त्या काळ्या कातडीला हळदकुंकू लावलं, खण, तांदूळ, नारळ वाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुझं लेकरू बाहेर ताटकळतंय, आणि मी माझं तुझ्या पदरात घालते. राग मानू नको."

जिवाजी माशाच्या जबड्यात शिरला. भरती चढली. मासा सुटला, आणि ओहोटी लागताच दक्षिणेकडे वाहू लागला.

आत काळोख होता, आणि सडल्या चरबीच्या वाफेने डोळे चुरचुरत होते. झालरीला नाक लावून जिवाजी श्वास घेत होता. जहाजं जवळ आली, मागे पडू लागली. आणि तेवढ्यात वल्ह्यांचा आवाज आला.

"अंबर असेल पोटात," गनिमाच्या होडीतून कुणीतरी ओरडलं. "एवढंसं ढेकूळ अत्तरखान्यात सोन्याच्या भावाने जातं. फाडा."

अंबर सापडतं ते दाताळ्या देवमाशाच्या आतड्यात. या जातीच्या पोटी ते नसतंच. जिवाजीला ते ठाऊक होतं, पण सांगतो कुणाला? चाचपडणारा एक भाला झालर चिरत त्याच्या कानाशी आला आणि परत गेला. मग कुणीतरी पोटात सुरा खुपसला.

तोफ डागावी तसा आवाज झाला. कोंडलेला वायू, आतडी, रक्त यांचा लोंढा होडीवर कोसळला. माणसं ओकत, एकमेकांना शिव्या देत वल्ही मारत पळाली. पण फुगा फुटला तसा मासाही बुडू लागला. तोंडात पाणी भरलं. भूशीर अजून दूर होतं, आणि जहाजांवरून सगळ्यांचे डोळे इकडेच लागलेले.

जिवाजी बाहेर निसटला, तर शेजारी पिल्लू. आई बुडाली तिथे ते एकदा घुटमळलं, आणि मग धारेबरोबर दक्षिणेला वळलं. त्याच्या पाठीआड अंग चोरून जिवाजी पोहू लागला. जहाजांवरून पाहणाऱ्यांना एक पोरकं पिल्लू तेवढं दिसलं.

येसाजीच्या माणसांनी त्याला गलबतावर ओढलं तेव्हा शिडं अर्धी वर चढली होती.

"दादा, गड पडला ना?" येसाजीने नाकाला शेला लावून विचारलं.

"काठी पडली. गड उभा आहे. गलबतं वळव."

दिवस मावळायच्या आत वेढा फुटला.

पावसाळ्यानंतर लाटांनी माशाची हाडं किनाऱ्याला आणली. जबड्याच्या दोन कमानदार हाडांचं रायाजीरावांनी गडदेवीच्या दाराशी तोरण उभारलं. दर साली चिमाई त्या हाडांची ओटी भरी, आणि एक नारळ वेगळा काढून समुद्रात सोडी.

"हा कुणाचा, आई?" जिवाजीने एकदा विचारलं.

"तिच्या लेकाचा. तुला पोचवून तो कुठे गेला, कुणी विचारलं का त्याला?"