गुळातली गोळी

सूनबाई, तू गूळ आणायला धाडलंस आणि मी वाण्याच्या दुकानावरून तशीच परत आले. रागावू नकोस. तुला दिवस गेलेत, कंबर दुखते म्हणतेस, म्हणून आज सांगतेच. या घरात मी गूळ का येऊ देत नाही, ते.

जळगावात मी जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस घालायच्या कामावर होते. सहावा महिना लागला तसं उभं राहवेना. आमच्या रांगेवर झुंबरबाई देखरेख करायची. मला आई नव्हती. तिने पाठीवरून हात फिरवला, तेवढ्यावरच मी भाळले. दुपारचा भोंगा झाला की ती गुळात लपेटलेली काळी गोळी स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घालायची.

"खाई ले, पोरी. जडीबुटी शे. आंडोर दांडगा व्हई."

पोरगा दांडगा होईल, म्हणायची. कंबर दुखायची थांबायची. अगदी कळा सुरू झाल्या त्या दिवसापर्यंत मी ती गोळी घेतली आणि तिला माय म्हणत राहिले.

वना, तुझा नवरा, चैत्रात झाला. दुसऱ्या दिवशी त्याने जो सूर धरला तो लेकराच्या रडण्याचा नव्हताच. बारीक, तीक्ष्ण, पत्रा खरवडल्यासारखा. हातपाय थरथरायचे, शिंकांवर शिंका यायच्या. भुकेलेला असायचा, पण दूध ओढता येईना. बाया म्हणाल्या, बाहेरची बाधा. अंगारा लावून झाला. तिसऱ्या दिवशी झुंबरबाई आली. तिने बोट त्याच्या जिभेला लावलं... वना गप्प झाला.

"पाह्य, मना हात वळखस तो," ती हसली. तिचा हात ओळखतो म्हणे!

मी तिचं बोट हुंगलं. माझ्या गोळीचाच कडवट वास. तिच्या बटव्यातली गोळी हिसकावून मी दवाखाना गाठला. डॉक्टर माझ्याकडे बघेनात.

"अफू आहे, बाई. पोटातच सवय लागली त्याला, आता तिच्यावाचून तडफडतोय. मान धरणं, बसणं, चालणं... सगळं उशिरा होईल कदाचित."

झुंबरबाईला जाब विचारला तर तिच्या पापणीचा केसही हलला नाही. "बठ्ठ्यास्ले देस मी. बाया उभ्या राह्यन्या पाहिजेत, म्हने मुकादम."

सगळ्याच बायांना चारत होती ती, आणि माय म्हटलं होतं गं मी तिला! केसाने गळा कापला माझा. हाकलून दिली. जाताना दारात थांबून ती हळूच म्हणाली, "मनाबिगर त्याले चैन पडनार नही. तुले बी नही."

त्याच वर्षी मानमोडीच्या तापाच्या साथीत ती गेली. तिची तिरडी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तरी दुपारचा भोंगा वाजला की वना रडता रडता थांबायचा. तोंड उघडायचा... आणि काहीतरी गिळायचा.

आम्ही जळगाव सोडलं आणि धुळ्याकडे, तुझ्या सासऱ्याच्या या मळ्यात आलो. इथे भोंगा नव्हता. वना दोन वर्षांचा झाला तेव्हा बसला. तीन सरली तरी उभा राहीना. मी रोज त्याचे पाय तेलाने चोळायची आणि हात पुढे करून म्हणायची, "ये. मी माय शे तुनी."

चौथ्या चैत्रात, भरदुपारी, तो उभा राहिला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मी रडत हात पसरले. तो माझ्या हातांजवळून तसाच पुढे गेला, सरळ या दाराकडे. दारात कोणी नव्हतं. ऊन होतं नुसतं. त्याने मान वर केली, तोंड उघडलं... गिळलं. आणि जन्मात पहिला शब्द बोलला.

"माय."

माझ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. इतकी राबले गं मी त्याच्यासाठी.

उंबऱ्यावर मुंग्यांची रांग लागली होती. घरात महिनाभर गुळाचा खडा नव्हता. वनाला उचलायला मी खाली वाकले आणि वाकलेलीच राहिले. तो झाल्यापासून, गोळी सुटल्यापासून, एक दिवसही दुखायची न थांबलेली माझी कंबर... दुखत नव्हती.