क्रोमच्या हौदावरचं घड्याळ

ही ऐकीव गोष्ट नाही. चेन माझ्याच हातात होती.

सोमवार. दुपारचे पावणेदोन. आमच्या कारखान्यातला क्रोमचा हौद.

तिथे नळाच्या तोट्यांना चकाकी चढवतात. तोट्यांची रॅक हुकाला टांगायची, चेन ओढून हौदात बुडवायची, वर काढून शेजारच्या पाण्यात धुवायची. ते पाणी गटारात जातं.

माझे मिस्टर या हौदावर बावीस वर्षं होते. वर काढलेली रॅक ते हौदावरच धरून वीसपर्यंत मोजायचे. थेंब परत हौदात पडायचे, गटारात विष कमी जायचं.

"मुरून मुरून आपल्याच बोअरला येतं ते," म्हणायचे.

सगळे त्यांना 'घड्याळ' म्हणून चिडवायचे. साहेबांनी तर कामचुकार ठरवून दोनदा मेमो दिला.

हौदाच्या वाफेनं आधी त्यांच्या नाकाचा पडदा खाल्ला, मग फुप्फुसं. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. तीन महिने बघू, मग कायम करू, साहेब म्हणाले.

त्या सोमवारी मी रॅक वर काढली. चेन ओढली...

हूक हलेना.

थेंब पडत होते. टप... टप...

आणि माझ्या कानाशी कुणीतरी मोजत होतं.

अठरा... एकोणीस... वीस.

हूक सरकला.

प्रत्येक आकड्यामागे नाकातून बारीक शिटी वाजत होती. ती शिटी आमच्या घरात सहा वर्षं वाजली होती. मी कशी विसरेन?

महिनाभर हेच चाललं. फिटरनं चेन बदलली, दोष सापडला नाही. धुण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छ निघायला लागलं. पण माझ्या रॅक निम्म्यावर आल्या.

सुपरवायझर म्हणाला, "वहिनी, शनिवारी रॅक पूर्ण झाल्या नाहीत तर दुसरी बाई बघतो. मग माझ्या नावानं खडे फोडू नका."

शुक्रवारी सगळे जेवायला गेले. मी हौदापाशी उभी राहिले.

"अहो, पुरे आता," म्हटलं. "घर चालवायचंय मला."

शिटी वाजत होती...

मग थांबली.

शनिवारी हूक एकदाही अडला नाही. मी कायम झाले. धुण्याचं पाणी पुन्हा पिवळं जातं.

जिवंतपणी त्यांना साहेबांनी गप्प केलं, मेल्यावर मी. माझी मलाच शरम वाटते.

आता सुपरवायझर नसला की मीच मोजून बघते. एक... दोन... तीन...

चारच्या पुढे रॅक थांबतच नाही.

परवा मी चेनवरून दोन्ही हात काढले. तरीही रॅक पुढे सरकली, जणू तेच म्हणत होते, 'घर चालवायचंय ना तुला?'

शिटी मात्र ऐकू आली नाही.